लोब सेपरेशन अँगल

लोब सेपरेशन अँगल (संक्षेप: एलएसए) म्हणजे चार-स्ट्रोक अंतर्ज्वलन इंजिनाच्या कॅमशाफ्टवर, एकाच सिलिंडरच्या इनलेट लोबची मध्यरेषा आणि एक्झॉस्ट लोबची मध्यरेषा यांच्यामधील कोन होय. हा कोन कॅमशाफ्टच्या अंशांत मोजतात. पेट्रोल इंजिनांत तो साधारणपणे १०४° ते १२०° या मर्यादेत आढळतो. कोन कमी असेल तर त्यास 'अरुंद' आणि जास्त असेल तर 'रुंद' म्हणण्याचा प्रघात आहे.

इतर मापे तीच ठेवून कोन अरुंद केला, तर दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ वाढतो. त्यामुळे मधल्या वेगपट्ट्यात टॉर्क वाढतो, परंतु आयडलिंग अस्थिर होते आणि इंजिनाच्या आवाजास ठेका आल्यासारखा चढउतार येतो. कोन रुंद केला, तर आयडलिंग शांत राहते, मॅनिफोल्डमधील निर्वात सुधारतो आणि टॉर्क अधिक विस्तृत वेगपट्ट्यात विभागला जातो. मात्र हा कोन स्वतंत्रपणे काहीच घडवत नाही. झडपा उघडण्याच्या आणि मिटण्याच्या चार क्षणांमधील नाते तो एका आकड्यात सांगतो. म्हणून झडपा किती काळ उघड्या राहतात हे ठाऊक नसेल, तर केवळ या कोनावरून इंजिनाची शक्ती किंवा आवाज सांगता येत नाही.

## पार्श्वभूमी

चार-स्ट्रोक इंजिनात शोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास असे चार स्ट्रोक असतात व ते क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२०° मध्ये, पूर्ण होतात. इंधन-हवा मिश्रण आत घेण्यासाठी इनलेट झडप आणि जळालेले वायू बाहेर सोडण्यासाठी एक्झॉस्ट झडप असते. या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्टवरील अंडाकृती उंचवटे करतात. या उंचवट्यांना लोब म्हणतात. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे कॅमशाफ्टचा १° हा क्रँकशाफ्टच्या २° इतका असतो.

लोबचे वर्णन मुख्यतः दोन मापांनी केले जाते. झडप आपल्या बैठकीपासून किती अंतर उचलली जाते त्यास लिफ्ट म्हणतात, आणि क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत ती उघडी राहते त्यास ड्युरेशन म्हणतात. ही दोन्ही मापे प्रत्येक लोबची स्वतंत्र असतात. लोब सेपरेशन अँगल मात्र दोन लोबांचे परस्परांतील स्थान दाखवतो. एकाच शाफ्टवर दोन्ही लोब असतील, तर घडणीच्या वेळीच तो कायमचा ठरतो.

मोटारगाड्यांच्या आरंभकाळातील अनेक इंजिनांत इनलेट झडप कॅमने उघडत नसे. पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने ती आपोआप उघडे. अशा इंजिनांत या कोनाचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इनलेट झडपही कॅमने चालवण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्या उघडझापीची वेळ अभियंत्यांच्या हाती आली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी शर्यतींचा प्रसार झाला, तेव्हा एड इस्केंडेरियन यांच्यासारख्या कारागिरांनी गरजेनुसार कॅमशाफ्ट घासून देण्याचा व्यवसाय उभा केला. पुढे कॅमशाफ्टसोबत दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात लिफ्ट आणि ड्युरेशन यांच्या जोडीने हा कोनही नियमितपणे नोंदवला जाऊ लागला.

## व्याख्या आणि गणित

निष्कास स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन सर्वांत वर असतो. या स्थितीस टॉप डेड सेंटर किंवा टीडीसी म्हणतात. पिस्टन सर्वांत खाली असण्याच्या स्थितीस बॉटम डेड सेंटर किंवा बीडीसी म्हणतात. एक्झॉस्ट झडपेची सर्वोच्च लिफ्ट या टीडीसीच्या आधी आणि इनलेट झडपेची सर्वोच्च लिफ्ट टीडीसीनंतर येते. ही दोन अंतरे क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजून त्यांची सरासरी काढली की लोब सेपरेशन अँगल मिळतो:

एलएसए = (एक्झॉस्ट मध्यरेषा + इनलेट मध्यरेषा) ÷ २

उदाहरणार्थ, एक्झॉस्ट लोबची मध्यरेषा टीडीसीपूर्वी ११४° आणि इनलेट लोबची मध्यरेषा टीडीसीनंतर १०६° असेल, तर एलएसए ११०° होतो. दोन्ही मध्यरेषा ११०° वर असतील तरीही तो ११०° च असतो. पहिल्या स्थितीत संपूर्ण कॅमशाफ्ट ४° पुढे, म्हणजे 'ॲडव्हान्स' करून बसवलेला असतो. कॅमशाफ्ट पुढे किंवा मागे बसवल्याने चारही क्षण एकाच दिशेने सरकतात. दोन लोबांमधील कोन त्यामुळे बदलत नाही.

टीडीसीच्या आसपास एक्झॉस्ट झडप पूर्ण मिटण्यापूर्वीच इनलेट झडप उघडू लागते. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याच्या या काळास ओव्हरलॅप म्हणतात. तो पुढील सूत्राने मिळतो:

ओव्हरलॅप = (इनलेट ड्युरेशन + एक्झॉस्ट ड्युरेशन) ÷ २ − (२ × एलएसए)

दोन्ही झडपांचे ड्युरेशन २८०° आणि एलएसए ११०° असेल, तर ओव्हरलॅप २८० − २२० = ६०° इतका येतो. एलएसए १° ने कमी केला की ओव्हरलॅप २° ने वाढतो, हे या सूत्रावरून स्पष्ट होते.

ड्युरेशन कोणत्या लिफ्टपासून मोजले आहे, यावर हे आकडे अवलंबून असतात. अमेरिकी माहितीपत्रकांत टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यापासूनचे ड्युरेशन देण्याची प्रथा आहे. जाहिरातींत देतात ते ड्युरेशन याहून बऱ्याच कमी लिफ्टपासून मोजलेले असते आणि म्हणून मोठे दिसते. एकाच पद्धतीने मोजलेल्या आकड्यांचीच परस्परांशी तुलना करता येते.

## झडपांच्या वेळांवर होणारा परिणाम

दोन्ही झडपांचे ड्युरेशन २८०° असे स्थिर ठेवून आणि कॅमशाफ्ट पुढे-मागे न करता केवळ एलएसए बदलला, तर झडपांच्या वेळा पुढीलप्रमाणे येतात:

| एलएसए | इनलेट उघडते (टीडीसीपूर्वी) | इनलेट मिटते (बीडीसीनंतर) | एक्झॉस्ट उघडते (बीडीसीपूर्वी) | एक्झॉस्ट मिटते (टीडीसीनंतर) | ओव्हरलॅप |
|---|---|---|---|---|---|
| १०६° | ३४° | ६६° | ६६° | ३४° | ६८° |
| ११०° | ३०° | ७०° | ७०° | ३०° | ६०° |
| ११४° | २६° | ७४° | ७४° | २६° | ५२° |

कोन अरुंद झाल्यावर तीन गोष्टी एकदम घडतात. ओव्हरलॅप वाढतो, इनलेट झडप लवकर मिटते आणि एक्झॉस्ट झडप उशिरा उघडते. कोन रुंद झाल्यावर या तिन्ही गोष्टी उलट दिशेने घडतात. आयडलिंगच्या आवाजात पडणारा फरक मुख्यतः ओव्हरलॅपमुळे असतो. शक्तीतील फरकात मात्र तिन्ही गोष्टींचा वाटा असतो.

## शक्ती आणि टॉर्कवरील परिणाम

### इनलेट झडप मिटण्याची वेळ

पिस्टन बीडीसी ओलांडून वर येऊ लागला तरी इनलेट झडप काही काळ उघडी ठेवतात. वेगाने आत येणाऱ्या मिश्रणास गती असते आणि पिस्टन वर सरकत असतानाही ते काही काळ सिलिंडरमध्ये भरत राहते. मात्र हा लाभ जास्त वेगातच मिळतो. कमी वेगात मिश्रणाची गती अपुरी असते व वर येणारा पिस्टन त्यातील काही भाग पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. अरुंद कोनाच्या कॅममध्ये झडप लवकर मिटते, त्यामुळे कमी आणि मधल्या वेगात मिश्रण अधिक प्रमाणात कोंडले जाते व प्रत्यक्ष संपीडन वाढते. रुंद कोनात ती उशिरा मिटते. त्यामुळे खालच्या वेगातील टॉर्क काहीसा घटतो, पण उच्च वेगात सिलिंडर अधिक काळ भरत राहतो.

### एक्झॉस्ट झडप उघडण्याची वेळ

शक्ती स्ट्रोक संपण्यापूर्वीच एक्झॉस्ट झडप उघडते, जेणेकरून वायूंचा दाब पिस्टन वर येण्याआधी उतरावा. ती उशिरा उघडली, तर प्रसरण पावणारे वायू पिस्टनवर अधिक काळ काम करतात. हा अरुंद कोनाचा लाभ होय. मात्र उच्च वेगात वायू बाहेर पडण्यास वेळ अपुरा पडतो आणि पिस्टनला ते बाहेर ढकलण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते. रुंद कोनात झडप लवकर उघडते व ही अडचण कमी होते.

### ओव्हरलॅप आणि दाबलहरी

एक्झॉस्ट झडप उघडताच दाबाची एक लहर नळीतून बाहेरच्या दिशेने जाते. जेथे अनेक नळ्या एकत्र येतात किंवा नळी मोकळ्या हवेत संपते, तेथे ती परावर्तित होते आणि कमी दाबाची लहर होऊन सिलिंडरकडे परतते. नळ्यांची लांबी योग्य असेल, तर विशिष्ट वेगपट्ट्यात ही लहर नेमकी ओव्हरलॅपच्या काळात पोहोचते. ती ज्वलनकक्षात उरलेले जळालेले वायू ओढून घेते आणि पिस्टन खाली जाण्यापूर्वीच ताज्या मिश्रणाचा प्रवाह सुरू करून देते. शर्यतीच्या इंजिनांतील मोठ्या ओव्हरलॅपचा खरा उपयोग हाच आहे.

या पट्ट्याबाहेर लहर अवेळी येते. कधी जास्त दाबाची लहरही ओव्हरलॅपच्या वेळी पोहोचते आणि जळालेले वायू उलट आत ढकलले जातात. त्यामुळे अरुंद कोनाच्या इंजिनाचा टॉर्क-आलेख उंच पण चिंचोळा असतो व सर्वोच्च बिंदूनंतर लवकर उतरतो. रुंद कोनाचा आलेख तुलनेने बुटका पण पसरट असतो. बंदिस्त, अरुंद सायलेन्सर असलेल्या गाडीत दाबलहरींचा हा लाभ फारसा मिळत नाही. तेथे मोठ्या ओव्हरलॅपचे तोटेच अधिक जाणवतात.

## आयडलिंगच्या आवाजावरील परिणाम

आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो, तर एक्झॉस्टच्या बाजूस तो वातावरणाच्या दाबाइतकाच असतो. ओव्हरलॅपच्या काळात दोन्ही झडपा उघड्या असल्याने या दोन बाजू सिलिंडरमार्गे जोडल्या जातात. परिणामी जळालेले वायू एक्झॉस्टकडून सिलिंडरमध्ये आणि तेथून मॅनिफोल्डमध्ये उलटे वाहतात. इंजिन मंद फिरत असल्यामुळे ओव्हरलॅपच्या प्रत्येक अंशास लागणारा वेळही अधिक असतो व हा उलटा प्रवाह चांगलाच वाढतो.

पुढच्या शोषण स्ट्रोकमध्ये हेच वायू ताज्या मिश्रणासह सिलिंडरमध्ये परततात. ते जळू शकत नाहीत. उलट ते ज्योतीचा वेग मंदावतात. त्यांचे प्रमाण फार झाले, तर मिश्रण अर्धवट जळते किंवा एखाद्या आवर्तनात अजिबात पेटत नाही. न पेटलेल्या आवर्तनात सिलिंडरमध्ये जळालेल्या वायूंऐवजी न जळलेले मिश्रण मागे उरते. त्यामुळे पुढच्या आवर्तनात इंधन आणि प्राणवायू अधिक मिळतात व ज्वलन जोरकस होते. त्या जोरकस ज्वलनाचे वायू पुन्हा मागे उरतात आणि नंतरचे आवर्तन पुन्हा दुबळे पडू शकते. प्रत्येक सिलिंडरमध्ये असा चढउतार चालू असतो.

एक्झॉस्टच्या नळीतून ऐकू येणारा प्रत्येक ठोका हा एका ज्वलनाचा दाब असतो. दाब समान असतील, तर आवाज सलग वाटतो. काही ठोके जोरकस आणि काही दुबळे पडू लागले, की आवाजास हेलकावा येतो. दुबळ्या ठोक्यांच्या वेळी इंजिनाचा वेग किंचित घसरतो आणि जोरकस ठोक्याने सावरतो, त्यामुळे संपूर्ण इंजिन हलताना दिसते. घोड्याच्या संथ दौडीसाठी असलेल्या शब्दावरून अमेरिकी बोलीत या लयीस 'लोप' म्हणतात. आयडलिंगचा वेग वाढवला की ही लय क्षीण होते, कारण थ्रॉटल थोडा अधिक उघडल्याने मॅनिफोल्डमधील दाब वाढतो आणि प्रत्येक ओव्हरलॅपला मिळणारा वेळही कमी होतो. म्हणूनच मोठ्या ओव्हरलॅपची इंजिने बंद पडू नयेत यासाठी त्यांचा आयडलिंगचा वेग नेहमीपेक्षा जास्त ठेवावा लागतो.

व्ही-८ इंजिनांच्या आवाजात आणखी एक घटक मिसळलेला असतो. क्रॉस-प्लेन क्रँकशाफ्टच्या व्ही-८ इंजिनात प्रत्येक रांगेतील सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. त्यामुळे त्यांची ओळखीची घुमणारी गुरगुर साध्या, अल्प ओव्हरलॅपच्या कॅमशाफ्टसहही ऐकू येते. लोप ही या गुरगुरीवर चढणारी निराळी अनियमितता होय.

## निर्वात, इंधन-नियंत्रण आणि प्रदूषण

सुस्थितीतील सर्वसाधारण पेट्रोल इंजिनात समुद्रसपाटीवर आयडलिंगच्या वेळी मॅनिफोल्डमधील निर्वात पाऱ्याच्या सुमारे १७ ते २१ इंचांइतका असतो. ओव्हरलॅप मोठा असेल, तर उलट्या प्रवाहामुळे तो १० इंचांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरू शकतो. याचा संबंध थेट सुरक्षिततेशी आहे. अनेक गाड्यांत ब्रेकच्या पेडलला मदत करणारा बूस्टर याच निर्वातावर चालतो. निर्वात अपुरा पडला, तर पेडल जड होते आणि गाडी थांबवण्यास अधिक जोर लावावा लागतो. अशा वेळी स्वतंत्र निर्वात पंप बसवावा लागतो.

संगणकनियंत्रित इंजिनांत आणखी अडचणी येतात. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या प्रणालीस सतत चढउतार करणारा संकेत मिळतो. न पेटलेल्या मिश्रणातील प्राणवायू एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो व मिश्रणात इंधन कमी असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग प्रणाली अधिक इंधन सोडते. म्हणून असा कॅमशाफ्ट बसवल्यानंतर इंधन आणि स्पार्कच्या वेळांचे कोष्टक नव्याने बांधावे लागते. मंद ज्वलनाची भरपाई करण्यासाठी आयडलिंगला स्पार्क नेहमीपेक्षा लवकर देण्याचा उपाय सर्रास वापरतात.

अर्धवट ज्वलनामुळे एक्झॉस्टमध्ये न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे प्रमाण वाढते. भारतातील पीयूसी तपासणीत पेट्रोल वाहनांचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन आयडलिंगच्या स्थितीतच मोजले जातात. त्यामुळे मोठ्या ओव्हरलॅपचे इंजिन या तपासणीत अडखळण्याचा संभव असतो. वाहनाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत.

## कोन आणि ड्युरेशन यांचा एकत्रित विचार

अरुंद कोन म्हणजे अस्थिर आयडलिंग, हे विधान ड्युरेशन स्थिर असेल तेव्हाच खरे ठरते. ड्युरेशनही बदलले, तर निराळ्या कोनांचे कॅमशाफ्ट समान ओव्हरलॅप देऊ शकतात:

| एलएसए | ड्युरेशन (दोन्ही झडपा) | ओव्हरलॅप | इनलेट मिटते (बीडीसीनंतर) |
|---|---|---|---|
| १०६° | २७२° | ६०° | ६२° |
| ११०° | २८०° | ६०° | ७०° |
| ११४° | २८८° | ६०° | ७८° |

या तिन्ही कॅमशाफ्टचा ओव्हरलॅप सारखाच असल्याने त्यांच्या आयडलिंगचा स्वभाव एकमेकांच्या जवळचा असेल. परंतु पहिल्यात इनलेट झडप १६° लवकर मिटते. म्हणून तो कमी आणि मधल्या वेगातील टॉर्कला अनुकूल ठरेल, तर तिसरा उच्च वेगातील शक्तीला. थोडक्यात, आयडलिंग सहन होईल इतका ओव्हरलॅप आधी ठरवावा आणि मग इंजिनाच्या वेगपट्ट्यानुसार कोन व ड्युरेशन यांची जोडी निवडावी, असा विचार यातून पुढे येतो.

योग्य कोन इंजिनाच्या घडणीवरही अवलंबून असतो. सिलिंडरच्या आकारमानाच्या मानाने इनलेट झडप लहान असेल, तर प्रवाह लवकर सुरू होणे गरजेचे असते व अरुंद कोन लाभदायक ठरतो. झडपा मोठ्या व मार्ग मोकळे असतील, तर रुंद कोनातही सिलिंडर चांगला भरतो.

## इंजिनांची उदाहरणे

शेव्हरोलेची ३२७ घनइंची इंजिने. १९६० च्या दशकात शेव्हरोलेने आपल्या लहान व्ही-८ इंजिनांसाठी वापरलेले दोन कॅमशाफ्ट या विषयाचे बोलके उदाहरण आहेत. झोरा अर्कस-डुंटोव्ह यांच्या नावाशी जोडलेला 'डुंटोव्ह ३०-३०' कॅमशाफ्ट १९६४ मध्ये आला. दोन्ही झडपांचा क्लिअरन्स ०.०३० इंच ठेवायचा असल्याने त्यास हे नाव पडले. ०.०५० इंचांवर त्याचे ड्युरेशन २५४° आणि एलएसए ११४° आहे. १९६५ मध्ये आलेल्या एल७९ इंजिनाच्या कॅमशाफ्टचा एलएसएही ११४° च आहे, पण ड्युरेशन २२२° आहे. सूत्रानुसार पहिल्याचा ओव्हरलॅप २६° येतो. दुसऱ्याचा उणे ६° येतो, म्हणजे या लिफ्टवर दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या नसतातच. कोन समान असूनही पहिला खडबडीत आयडलिंगसाठी आणि उच्च वेगातील शक्तीसाठी, तर दुसरा रोजच्या वापरातील सुसह्यतेसाठी ओळखला जातो. ३०-३० कॅमशाफ्ट पुढे १९६७ ते १९६९ च्या कॅमेरो झेड/२८ च्या ३०२ घनइंची इंजिनातही वापरला गेला.

शेव्हरोले एलएस७. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधील या ७.० लिटर इंजिनाची शक्ती ५०५ अश्वशक्ती होती. त्याच्या कॅमशाफ्टचा एलएसए १२०° हून अधिक आहे. मोठ्या झडपा, मोकळे मार्ग आणि भरपूर लिफ्ट असेल तर रुंद कोनातही मोठी शक्ती मिळते व आयडलिंगही आटोक्यात राहते, हे या इंजिनाने दाखवले.

डुकाटी टेस्टास्ट्रेटा ११°. या इटालियन मोटारसायकल इंजिनाच्या नावातील ११° हा आकडा ओव्हरलॅपचाच आहे. डुकाटीच्या ११९८ या क्रीडा मोटारसायकलच्या इंजिनात ओव्हरलॅप ४१° होता. २०१० च्या मल्टिस्ट्राडा १२०० साठी तो ११° करण्यात आला. सर्वोच्च शक्ती काही प्रमाणात सोडून कमी वेगातील सुरळीत ज्वलन, इंधनबचत आणि स्वच्छ धूर साधणे हा त्यामागील हेतू होता.

## दाबभरण असलेली इंजिने

टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनात मिश्रण दाबाने आत भरले जाते. त्यामुळे एक्झॉस्टच्या ओढीवर अवलंबून राहण्याची गरज उरत नाही. सुपरचार्जरच्या इंजिनात मोठा ओव्हरलॅप असेल, तर ताजे मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये निघून जाते. टर्बोच्या इंजिनात टर्बाइनमुळे एक्झॉस्टचा दाब इनटेकपेक्षा जास्त झाल्यास जळालेले वायू उलटे आत येतात. या कारणांमुळे अशा इंजिनांत परंपरेने रुंद कोन पसंत केला जातो. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या आधुनिक टर्बो इंजिनांत मात्र ओव्हरलॅपच्या काळात केवळ हवाच पलीकडे जाते, इंधन वाया जात नाही. म्हणून कमी वेगात टर्बोला लवकर गती देण्यासाठी अशा इंजिनांत मुद्दाम ओव्हरलॅप वाढवतात.

## बदलते व्हॉल्व्ह टायमिंग

स्थिर कोनामुळे आयडलिंग आणि शक्ती यांत एकाची निवड करावी लागते. ही कोंडी फोडण्यासाठी बदलत्या व्हॉल्व्ह टायमिंगचा वापर सुरू झाला. अल्फा रोमिओने १९८० मध्ये स्पायडर गाडीत अशी यंत्रणा उत्पादनात आणली. दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात एक कॅमशाफ्ट दुसऱ्याच्या तुलनेत फिरवता येतो, म्हणजेच इंजिन चालू असतानाच एलएसए बदलतो. आयडलिंगला कोन रुंद ठेवून ओव्हरलॅप कमी करतात आणि वेग वाढल्यावर तो अरुंद करतात. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये व्हॅनोस या नावाने इनलेट कॅमशाफ्टसाठी ही व्यवस्था आणली व पुढे दोन्ही कॅमशाफ्टसाठी तिचा विस्तार केला.

एकच कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात सर्व लोब एकत्र फिरतात, त्यामुळे कोन बदलत नाही. यास अपवाद म्हणजे २००८ च्या डॉज व्हायपरचे ८.४ लिटर व्ही-१० इंजिन. त्यात पोकळ शाफ्टच्या आत दुसरा शाफ्ट बसवून एक्झॉस्टचे लोब इनलेटच्या लोबांपासून स्वतंत्रपणे सरकवण्याची सोय होती.

## मोजणी आणि समायोजन

बसवलेल्या कॅमशाफ्टचा एलएसए तपासण्यासाठी क्रँकशाफ्टवर अंश कोरलेली चकती आणि टॅपेटवर डायल गेज लावतात. प्रथम टीडीसी अचूक निश्चित करतात. नंतर सर्वोच्च लिफ्टच्या दोन्ही बाजूंस समान लिफ्ट असणारे अंश टिपून त्यांचा मध्य काढतात. ही त्या लोबची मध्यरेषा होय. इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन मध्यरेषांची सरासरी म्हणजे एलएसए. लोबच्या चढाचा आणि उताराचा आकार वेगळा असेल, तर ही मध्यरेषा आणि सर्वोच्च लिफ्टचा बिंदू तंतोतंत जुळतीलच असे नाही.

दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात समायोजन करता येणाऱ्या पुली बसवून कोन बदलता येतो. इनलेट कॅमशाफ्ट क्रँकच्या ४° ने पुढे आणि एक्झॉस्ट कॅमशाफ्ट ४° ने मागे केला, तर एलएसए ४° ने कमी होतो. असे करताना झडप आणि पिस्टन यांतील अंतर तपासणे अत्यावश्यक असते. टीडीसीच्या आसपास दोन्ही झडपा पिस्टनच्या अगदी जवळ असतात. ओव्हरलॅप वाढवल्याने हे अंतर घटते, आणि पिस्टनची धडक बसल्यास झडप वाकून इंजिन निकामी होऊ शकते.

## गैरसमज

हेलकावे घेणारा आवाज म्हणजे शक्तिशाली इंजिन, असा समज सर्वत्र आढळतो. शर्यतीच्या इंजिनांत मोठा ओव्हरलॅप असतो आणि म्हणून ती तशी वाजतात, एवढे खरे आहे. परंतु हा आवाज अपूर्ण ज्वलनाचा असतो. उच्च वेगातील शक्तीसाठी आयडलिंगला दिलेली ती किंमत आहे. एक्झॉस्ट, संपीडन गुणोत्तर आणि गिअर यांत अनुरूप बदल न करता केवळ आवाजासाठी अरुंद कोनाचा कॅमशाफ्ट बसवला, तर किंमत चुकवूनही शक्ती मिळत नाही. संगणकनियंत्रित इंजिनांत स्पार्कच्या वेळा आयडलिंगला मुद्दाम पुढे-मागे करून, कॅमशाफ्ट न बदलताही असा आवाज काढता येतो. अमेरिकेत या प्रकारास 'घोस्ट कॅम' म्हणतात. आवाज आणि शक्ती परस्परांपासून वेगळ्या करता येतात, हे त्यावरून सिद्ध होते.

भारतात रॉयल एनफील्ड बुलेटचा संथ ठोका सर्वपरिचित आहे. त्याची गणनाही कधीकधी या प्रकारात केली जाते, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. एकच मोठा सिलिंडर, लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि आयडलिंगचा कमी वेग यांमुळे प्रत्येक ज्वलन सुटे ऐकू येते. चार-स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होत असल्याने दोन ठोक्यांमधील विराम कानाला जाणवतो. तो ठोका संथ पण नियमित असतो. लोपचे लक्षण मात्र ठोक्यांच्या जोरातील अनियमितता हे आहे.

## हेही पहा

* कॅमशाफ्ट
* चार-स्ट्रोक इंजिन
* व्हॉल्व्ह टायमिंग
* टर्बोचार्जर
* अंतर्ज्वलन इंजिन